खर्जाच्या खाली

आम्ही फक्त गळ्यातून गातो, असं आम्ही श्रोत्यांना कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच सांगायचो. या वाक्याला टाळ्या मिळत. म्हणूनच ते कितपत खरं होतं, हे मला स्वतःपुरतं तपासून पाहायचं आहे.

अमेरिकेत शिकत असताना मी कॉलेजच्या एका ए कॅपेला गटात गायचो. वाद्य एकही नाही आणि गाणी मात्र रॉकची. माझ्याकडे बास, म्हणजे सगळ्यांत खालचा आवाज, होता. शब्द मुख्य गायकाचे, माझ्या वाट्याला गाणंभर ‘डम डम’. शेजारचा ओठांनी ड्रम वाजवायचा: ‘ब’ म्हणजे पायाचा मोठा ड्रम, ‘क’ म्हणजे स्नेअर, ‘त्स’ म्हणजे झांज. उरलेले नाकातून ‘ज्यँ ज्यँ’ करत फाटक्या आवाजाची गिटार उभी करायचे.

ही वाट आमच्या कितीतरी आधी टफ्ट्स विद्यापीठाच्या बीएल्झेबब्ज या गटानं रुंद केली होती. कॉलेजातलं ए कॅपेला त्याहून जुनं. येलचे विफेनपूफ्स १९०९ पासून गात आहेत. बीएल्झेबब्ज १९६२चे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथे शिकायला आलेल्या डीक शॅरननं रॉक बँडमधल्या एकेका वाद्याचं काम आवाजांना वाटून दिलं. पुढे २००३ मध्ये या गटाचा ‘कोड रेड’ अल्बम आला. त्यात स्टुडिओमध्ये आवाजांवर इतके संस्कार झाले होते की हे अजून ए कॅपेला म्हणायचं का, यावर या क्षेत्रात वाद झाला. मला तो वाद परका वाटत नाही. तो माझ्याच गळ्यापाशी येऊन थांबतो.

बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की ४१ हर्ट्झचा सूर निघतो. कॉलेजातल्या चांगल्या खर्जाच्या मुलाचा गळा ८०च्या आसपास थकतो. मधलं अंतर एका पूर्ण सप्तकाचं आहे आणि रॉकचा सगळा दणका त्या खालच्या सप्तकात राहतो. पहाटे उठून कितीही खर्ज भरला तरी तिथे पोचता येत नाही. मग ऑक्टेव्ह पेडल येतं, म्हणजे सूर एक सप्तक खाली उतरवणारं यंत्र. मी ८२वर गातो, ते ४१ ऐकवतं. पहिल्या रांगेतल्या माणसाची छाती हलते आणि कार्यक्रमानंतर तो माझा हात हातात घेऊन खर्जाचं कौतुक करतो.

त्या कौतुकातलं माझं किती?

गळ्यानं वाद्याची नक्कल करणं यात मला काही खोटं दिसत नाही. विलायत खाँसाहेबांनी सतारीतून गायकी काढली, तिला कुणी फसवणूक म्हटलं नाही. आपल्याकडे तबल्याचे बोल आधी तोंडानं पढतात आणि मग हातावर चढतात. गळा आणि वाद्य यांची ही देवाणघेवाण मला फार प्रिय आहे. मायक्रोफोनचाही मला संकोच नाही, तो माझाच सूर मोठा करतो. पण पेडल मी न लावलेला सूर ऐकवतं. सतारीनं कधी ‘मी गळा आहे’ असा दावा केला नाही. आम्ही मात्र ‘फक्त गळा’ म्हणून दावा करत होतो. श्रोता थक्क होतो तो माणसाच्या मर्यादेपाशी. ती मर्यादा यंत्रानं ओलांडली असेल, तर त्याचं थक्क होणं चुकीच्या पत्त्यावर पोचतं.

मनाला आणखी खोल विचारलं, तर उत्तर अवघड येतं. तो दणका मला हवा होता. पेडल बंद करून गायलो असतो, तर आमचं रॉक पातळ वाटलं असतं आणि बासवाल्याकडे कुणी पाहिलंही नसतं. सुराच्या ओढीत नावाची ओढ किती मिसळली होती, ते मला आजही नीट वेगळं करता येत नाही. पण म्हणून दणका सोडून द्यावा, असंही माझं मन म्हणत नाही. त्या संगीतानं मला स्वतः पुढे न येता दुसऱ्याचं गाणं तोलून धरायला शिकवलं, आणि ते शिक्षण पूर्ण खरं होतं.

माझा निर्णय एवढाच: पेडल वापरावं आणि ते सांगावं. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत कुणी असा गट काढत असेल, तर त्यांना माझी विनंती आहे. रंगमंचावर ‘फक्त गळा’ म्हणाल, तेव्हा पेडल बंद ठेवा. अल्बम काढाल, तेव्हा कोणता सूर गळ्याचा आणि कोणता यंत्रानं खाली उतरवलेला, हे त्यावर स्पष्ट छापा.