फोनच्या या टोकालाही माणूस हवा

सुरतेतल्या कतारगामच्या हिरे कारखान्यांत रोजीरोटी डोळ्यांवर चालते. घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बसलेला रत्नकलाकार भिंगातून एकेक पैलू निरखतो. नजर चुकली तर हिरा बिघडतो आणि मजुरी बुडते. मधुमेह नेमका याच डोळ्याच्या आतल्या पडद्यावर वर्षानुवर्षे घाव घालत राहतो. दुखत नाही, खुपत नाही. धूसर दिसू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

वेळीच तपासून घ्यावे, तर वेळ आणायचा कुठून? हिऱ्याची मजुरी नगावर, शहरातल्या कापडाच्या मागाची मीटरवर. मागावर तर बारा-बारा तासांच्या पाळ्या. ओपीडीच्या रांगेत सकाळ घालवायची म्हणजे त्या दिवसाच्या कमाईवर पाणी सोडायचे. मग शुगर निघाली की महिनाभर गोळ्या घेतल्या जातात आणि ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद होतात. आयुष्मान कार्डाचा आधार मिळतो तो रुग्णालयात भरती झाल्यावर. पाय कापायची पाळी आली तर कार्ड चालते; तो पाय वाचवणारी, दुकानातून घेतलेली रोजची गोळी मात्र स्वतःच्या खिशातून.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि आणखी १३.६ कोटी लोक त्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्यांना पुरतील इतके तज्ज्ञ आपल्याकडे नाहीत, म्हणून दूरवैद्यक हवेच. मार्च २०२० मध्ये त्याची नियमावली आली, पाठोपाठ एप्रिलमध्ये सरकारच्या ‘ई-संजीवनी’ची घरबसल्या ओपीडी सुरू झाली. ही सोय मोलाची आहे. पण मधुमेहात डॉक्टरांचा सल्ला हा उपचाराचा सर्वांत छोटा भाग असतो. मोठा भाग सल्ल्यानंतर सुरू होतो आणि तो वस्तीतच घडतो.

रात्रपाळीचा एक मागवाला घेऊ. चिठ्ठीवर लिहिलेले असते, ‘सकाळी नाश्त्याआधी एक’. त्याची सकाळ झोपेत जाते, जेवण संध्याकाळी, पुढचे खाणे पहाटे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेतली आणि जेवण चुकले, तर साखर एकदम उतरते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि समोर चालू माग असतो. आठवड्याने पाळी बदलली की सगळे वेळापत्रक पुन्हा उलटे. इन्सुलिन असेल तर न उघडलेली कुपी दोन ते आठ अंशांत ठेवायची; पाळीपाळीने झोपणाऱ्यांच्या खोलीत फ्रीज कुठला? ओल्या मातीच्या मडक्यात कुपी कोरडी कशी ठेवायची, हे कुणीतरी हाताने करून दाखवावे लागते. तळपायाची बधिरता तपासायला पायाला हात लावावा लागतो. घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात असेल, तर बायकोच्या शुगरची चौकशी फोनवरून कोण करणार? दोन-तीन मिनिटांच्या कॉलमध्ये यातले काही मावत नाही.

तमिळनाडूतल्या चुनमपेटचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने तिथल्या ४२ खेड्यांत उपग्रहाने जोडलेली फिरती गाडी नेली. डोळ्याच्या पडद्याचे फोटो गाडीत काढले जात आणि चेन्नईतले तज्ज्ञ ते पाहत. वर्षभरात तिथल्या मधुमेहींचे तीन महिन्यांच्या साखरेचे सरासरी प्रमाण, म्हणजे एचबीएवनसी, ९.३ वरून ८.५ टक्क्यांवर आले. गाडी लोकांच्या दारी गेली, गावाजवळ उपचार केंद्र उभे राहिले आणि पाठपुरावा सुटला नाही. उपग्रह एकटा असता, तर हा आकडा उतरला नसता.

काहीच नसण्यापेक्षा फोन बरा, असे यावर म्हटले जाते. तातडीच्या तापासाठी ते खरे आहे. जन्मभराच्या आजारात मात्र अर्धवट सोय धोक्याची ठरते, कारण कॉल झाला की यंत्रणेच्या लेखी रुग्ण ‘पाहिलेला’ असतो. त्यानंतर त्याने गोळी घेतली की नाही, हे विचारायला कोणी बांधील नसते.

स्थलांतरिताच्या बाबतीत ही हेळसांड दुप्पट होते. तापी रेल्वेमार्गाने आलेला खानदेशी मजूर सुरतेत लिंबायत-उधन्यात अधिक, कतारगामला सौराष्ट्र आणि ओडिशाचा. पण अडचण सगळ्यांची सारखी. आखाजीच्या सणाला गावी गेलेल्या माणसाच्या गोळ्या नंदुरबार-जळगावकडे संपतात. तिथल्या डॉक्टरला सुरतेतले काही ठाऊक नसते आणि तपासणी पहिल्यापासून सुरू होते. दूरवैद्यकाचा खरा उपयोग इथे आहे. ‘आभा’ या आरोग्य-ओळख क्रमांकाला जोडलेली नोंद राज्याची हद्द ओलांडू शकते, आणि अहिराणीत बोलणारी परिचारिका फोनवरून गावापर्यंत पाठपुरावा ठेवू शकते.

वस्तीत उतरून काम करणे सुरतेला अवघड वाटण्याचे कारण नाही; तिने ते पूर्वी केले आहे. १९९४ च्या प्लेगची झळ वेड रोड-कतारगाम भागाला सर्वाधिक बसली. लाखो लोक शहर सोडून गेले. पुढच्या वर्षी महापालिका आयुक्त म्हणून एस. आर. राव आले. त्यांनी विभागांच्या प्रमुखांकडे अधिकार सोपवले आणि अधिकाऱ्यांना रोज गल्लीबोळांत उतरवले. साथीने पळापळ झाली म्हणून तेव्हा यंत्रणा हलली. मधुमेहामुळे कोणी स्टेशनकडे धावत नाही, एवढ्यावरून त्याला वाट पाहायला लावणे अन्याय आहे.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक वस्तीसाठी नेमलेली एक परिचारिका. पाळी सुटल्यावर उघडे राहणारे केंद्र. तिथेच रक्ततपासणी, तीन महिन्यांच्या गोळ्या, पायाची तपासणी आणि वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याचा फोटो. आणि परिचारिकेच्या पाठीशी फोनवर तज्ज्ञ. हिशेब मात्र किती कॉल झाले याचा मागू नये. गेल्या वर्षी नोंद झालेल्यांपैकी किती जण आजही उपचारावर आहेत आणि त्यांपैकी कितींची साखर आटोक्यात आली, एवढे दोनच आकडे महापालिकेने दर वर्षी प्रत्येक प्रभागात जाहीर करावेत.