एकांतातला कॅमेरा

आजचा श्लोक : गीता, अध्याय ६, श्लोक १०



योग्याने एकांतात, एकट्याने बसावे. अपेक्षा नको, संग्रह नको, असं भगवंत इथे सांगतात. वाचताना काल रात्री पाहिलेली ‘अलोन इन द वाइल्डरनेस’ ही डॉक्युमेंटरी डोळ्यांसमोर आली. डिक प्रेनेकी हा अमेरिकन मेकॅनिक १९६८ साली, पन्नाशी उलटल्यावर, अलास्कात ट्विन लेक्सच्या काठी गेला. स्वतःच्या हातांनी लाकडी घर बांधलं आणि पुढची तीसेक वर्षं बहुतेक तिथेच राहिला. ओझं नको म्हणून काही हत्यारांची नुसती पाती नेली, दांडे तिथल्याच लाकडाचे केले. अपरिग्रह मला त्या दांड्यांनी समजावला.

पण त्याच्या चालण्याच्या दृश्यांत मी अडकलो. चित्रण त्याचं त्यानेच केलंय, जवळ दुसरं कोणी नाही! म्हणजे कॅमेरा लावायचा, त्याच्यासमोरून दूर चालत जायचं, आणि तो न्यायला पुन्हा मागे यायचं. आधी हसू आलं.

मग माझं आठवलं. पहाटे दार लावून जपाला बसतो, पण फोनवरचं ॲप दिवस मोजत असतं. गेल्या महिन्यात तापामुळे एक दिवस चुकला, ९४ चं शून्य झालं. वाईट वाटलं ते आकड्याचं, जपाचं नाही. बायकोला तो आकडा मी दोनदा ऐकवला होता.

डिकने चित्रण केलं नसतं तर तो मला कळलाच नसता, त्यामुळे त्याला काय बोलणार. माझ्या ९४ चा कोणाला उपयोग?

आज फोन स्वयंपाकघरात ठेवून बसलो. तीनदा हात खिशाकडे गेला.