उघड्यावरचं बोलणं

पूर्व कॅलिफोर्नियात ३९५ क्रमांकाचा महामार्ग सिएरा नेवाडाच्या पायथ्यानं उत्तरेकडे जातो. डावीकडे माउंट व्हिटनीची रांग, उजवीकडे इन्योचे बोडके डोंगर, मधे ओवेन्सचं खोरं. गावं इतकी विरळ की मोबाइलची रेंज कुठे जाईल याचा नेम नाही. अशा रस्त्यावर लोक गाणी लावतात. आमच्या गाडीत स्कॅनर लागतो. बायकोची त्याला पहिल्यापासून एकच अट आहे : कुणाचं काही वाईट चाललेलं ऐकू आलं, की आवाज बारीक करायचा.

स्कॅनर हा मुठीत मावणारा रेडिओच. तो एका स्टेशनवर ठरत नाही, शेकडो चॅनेलांवरून भराभर फिरतो आणि कुणी बोलताना सापडलं की तेवढ्यापुरता थबकतो. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या पदरात तुकडे पडतात. हायवे पॅट्रोलचा अधिकारी ट्रकच्या फुटलेल्या टायरची लक्तरं रस्त्यातून बाजूला केल्याचं सांगतो. कुणाची तरी गाय कुंपण तोडून रस्त्यावर आलेली असते. शेरिफचा माणूस कुठल्याशा कॅम्पग्राउंडवरच्या भांडणाकडे निघालेला असतो. हवामान खात्याचा यांत्रिक आवाज १६२ मेगाहर्ट्झवर वाऱ्याचे आकडे वाचत राहतो. पोलिसांच्या वायरलेसवर अष्टौप्रहर पाठलाग चालतात असं ज्यांना सिनेमे पाहून वाटतं, त्यांनी हे तासभर ऐकावं. सरकार नावाची गोष्ट बहुतेक वेळ टायरची लक्तरं उचलत असते, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

ओलांचा मागे पडलं की वरचे आवाज सुरू होतात. इथलं आकाश मुख्यतः एडवर्ड्सचा हवाई तळ आणि चायना लेकचं नौदलाचं शस्त्रचाचणी केंद्र यांच्या कामासाठी राखलेलं आहे, आणि 'जोशुआ' या नावानं बोलणारा नियंत्रण कक्ष विमानांना जागा वाटून देत असतो. लष्करी विमानांचं बोलणं २२५ ते ४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. तीस हजार फुटांवरून कुणी बोललं तर दीडशे मैलांवर सहज ऐकू येतं. मधे आडवं यायला काही नसतं. दोघांची लुटुपुटीची लढाई सुरू होते : 'फाइट्स ऑन.' मग धापा, आकडे, अर्धवट शब्द. तीव्र वळणात शरीरावर आलेला भार आवाजातून कळतो, श्वास कोंडून बोलल्यासारखा. मधेच एक जण 'बिंगो' म्हणतो, म्हणजे इंधन परतण्यापुरतंच उरलं. 'नॉक इट ऑफ.' आणि मिनिटभरात तेच दोघे बँकेतल्या कारकुनाच्या सुरात जोशुआकडे परतीची उंची मागतात. बायकोलाही हा भाग आवडतो.

लढाई लुटुपुटीची असली तरी जोखीम खरी असते. डेथ व्हॅलीकडे जाणाऱ्या १९० क्रमांकाच्या रस्त्यावर रेनबो कॅन्यन नावाची अरुंद घळ आहे. तिच्या काठावर फादर क्रोली पॉइंटला उभं राहिलं की लढाऊ विमानं चक्क पायाखालून जायची, आणि त्यांचे फोटो घ्यायला लांबलांबून लोक येऊन बसायचे. ३१ जुलै २०१९ रोजी नौदलाचं एक सुपर हॉर्नेट तिथल्या कड्यावर आदळलं. वैमानिक गेला, बघायला आलेले सात जण किरकोळ जखमी झाले. त्यानंतर घळीत उतरून उडणं थांबलं. पूर्वेला नेवाडातल्या नेलिस तळावर १९७५ पासून 'रेड फ्लॅग' हा हवाई लढाईचा सराव भरतो. २००८ च्या ऑगस्टमध्ये त्यासाठी भारतीय हवाई दलाची सुखोई-३० विमानं आली होती. आमच्या नाशिकशेजारी ओझरला ज्या जातीच्या विमानांची जुळणी होते, ती नेवाडाच्या वाळवंटावर! ते ऐकायला मिळालेल्या लोकांचा मला आजही हेवा वाटतो.

या आवाजांच्या सोबतीनं प्रवास करताना एक विसंगती सतत टोचते. जगातल्या सर्वांत बलाढ्य सैन्याचे वैमानिक कुणालाही ऐकू येईल असं बोलतात, आणि घरी परतल्यावर आमच्या बे एरियातल्या कित्येक शहरांचे पोलीस मात्र कुलूपबंद. स्कॅनर त्यांच्या चॅनेलवर येतो, सांकेतिक प्रक्षेपण आहे असं पडद्यावर दाखवतो आणि मुकाट पुढे जातो.

सैन्य काही उदार झालेलं नाही. जे खरोखर लपवायचं ते सांकेतिक करण्याची, क्षणाक्षणाला फ्रिक्वेन्सी बदलत बोलण्याची सोय त्यांच्याकडे आहेच. पण एकाच आकाशात अनेकांना वावरायचं तर एकमेकांचं ऐकू यावंच लागतं. विमानं अजून जुन्या एएमला धरून आहेत त्यात हेही आहे : दोघे एकदम बोलले तर एफएममध्ये जोरकस आवाज दुसऱ्याला पुसून टाकतो, एएममध्ये निदान शिट्टीसारखी किंचाळी उमटते आणि आणखी कुणीतरी बोलतंय हे कळतं. वणव्याचंही तसंच. सिएरात वणवा पेटला की वन खातं, राज्याचं अग्निशमन दल, काउंटी आणि वरून लाल रसायन टाकणारी विमानं असे सगळे एकाच ठिकाणी येतात. घिरट्या घालत सगळ्यांना सांभाळणाऱ्या 'एअर अटॅक'चं बोलणं समजायला प्रत्येकाला वेगळी किल्ली लागली, तर एखादी तुकडी ज्वाळांच्या तोंडी सापडेल. जिथे न ऐकल्यानं माणूस मरतो, तिथे बोलणं उघडं राहतं.

शहरांतल्या कुलपांना कारण आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याच्या न्याय खात्यानं पोलिसांना बजावलं की लोकांची खासगी माहिती हवेत उघडी पडू देऊ नका : एकतर प्रक्षेपण सांकेतिक करा, नाहीतर ती माहिती जपण्याची दुसरी रीत बसवा. कित्येकांनी पहिला, सोपा मार्ग धरला.

मी ज्या घरात वाढलो तिथे साध्या रेडिओचंही लायसन्स होतं आणि वडील दरवर्षी पोस्टात जाऊन ते नवं करून आणत. १९३३ च्या कायद्याप्रमाणे भारतात परवान्याशिवाय बिनतारी संच जवळ बाळगणं हाच गुन्हा होता; पोलिसांचं बोलणं ऐकणं तर मनातही यायचं नाही. इथे आल्यावर दुकानात स्कॅनर उघड विकायला ठेवलेला पाहून मी आधी आजूबाजूला बघितलं होतं. इथेही सगळं मोकळं नाही. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, इंडियाना अशा काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवायला बंदी आहे, हॅम म्हणजे हौशी रेडिओच्या परवानाधारकांना सूट आहे. मोबाइलवरचं बोलणं पकडणारे स्कॅनर बनवायला १९९४ पासून मनाई आहे. तरीही डिसेंबर १९९६ मध्ये फ्लोरिडात गाडीतून जाणाऱ्या एका जोडप्यानं प्रतिनिधिगृहाचे तेव्हाचे सभापती न्यूट गिंग्रिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं फोनवरचं बोलणं स्कॅनरवर पकडलं आणि टेप केलं. ते वर्तमानपत्रात पोचलं, आणि जोडप्याला दंड झाला.

म्हणून खासगीपणाचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. एकदा बिग पाइनच्या अलीकडे रुग्णवाहिकेला निरोप गेला : वृद्ध बाई, श्वास लागलाय, अमुक रस्ता, अमुक घर. घराचा क्रमांक आम्हाला स्पष्ट ऐकू आला. बायकोनं बटण फिरवलं. त्या बाईला आपल्या दाराचा क्रमांक दोन परक्यांना कळावा असं वाटलं नसणार, आणि आम्हालाही तो कळून काही करता येणार नव्हतं. अर्थात आमच्यासारख्याच कुणा ऐकणाऱ्याला तिचा शेजारी म्हणून धावताही आलं असतं.

पण दुसरी रीतही जमते. आमच्या बे एरियातल्याच पालो आल्टोच्या पोलिसांनी २०२१ च्या सुरुवातीला आपलं सगळं बोलणं कुलपात घातलं होतं. वार्ताहरांनी आणि नागरिकांनी तक्रारी केल्या, अधिकारी बदलले, आणि २०२२ च्या सप्टेंबरात ते पुन्हा उघडं झालं. नाव, जन्मतारीख, लायसन्सचा क्रमांक असं काही सांगायचं असेल तर अधिकारी ते फोनवरून किंवा गाडीतल्या संगणकावरून सांगतात. हायवे पॅट्रोलनंही आपलं बोलणं सांकेतिक न करता हीच काळजी वेगळ्या रीतीनं घ्यायचं ठरवलं, आणि ३९५ वर त्यांचा माणूस टायरच्या लक्तरांबद्दल अजून कुणालाही ऐकू येईल असंच बोलतो.