न मागता दिलेली साक्ष

जुन्या निकालाचे आजचे वजन किती, हा प्रश्न अमेरिकेतल्या वकिलांना इंटरनेटच्या शंभरेक वर्षे आधीपासून पडत आला आहे. एखादा निवाडा न्यायालयापुढे ठेवायचा तर नंतरच्या न्यायाधीशांनी तो मानला की मोडीत काढला, हे आधी पाहावे लागते. १८७३ साली शिकागोत फ्रँक शेपर्ड यांनी यावर एक व्यवसाय उभा केला. कोणत्या निकालाचा पुढे कुठे कुठे उल्लेख झाला याच्या याद्या ते डिंक लावलेल्या कागदांवर छापत आणि वकील ते कागद आपल्या ग्रंथांत चिकटवत. पुढे या याद्यांची पुस्तके झाली. नंतरच्या न्यायालयाने आधीचा निकाल उचलून धरला, त्यावर टीका केली की तो रद्द ठरवला, हेही त्यांत संक्षिप्त खुणांनी दिलेले असे.

आज एखादी वेबसाइट गूगलच्या पहिल्या पानावर येते आणि दुसरी तळाशी राहते, त्यामागच्या विचाराचे एक मूळ या याद्यांत आहे. कशाचे महत्त्व किती, हे त्याने स्वतःविषयी काय म्हटले यावरून ठरवू नये. इतरांनी त्याच्याकडे किती वेळा आणि कुठून बोट दाखवले यावरून ठरवावे, असा हा विचार.

तो कायद्यातून विज्ञानात आला एका पत्रामुळे. शेपर्ड यांच्या कंपनीचे माजी उपाध्यक्ष विल्यम अ‍ॅडेर यांनी १९५३ मध्ये या पद्धतीकडे लक्ष वेधले आणि यूजीन गारफिल्ड या तरुण अभ्यासकाने ती सूचना मनावर घेतली. १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी शोधनिबंधांच्या संदर्भसूचीची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्ष बाजारात आणला. कोणत्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला, हे आता शोधता येऊ लागले आणि पाठोपाठ मोजताही येऊ लागले. १९७६ मध्ये गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नॅरिन यांनी त्यात एक मोलाची दुरुस्ती केली: प्रत्येक उल्लेख सारखा धरू नका, उल्लेख करणारे नियतकालिक स्वतः किती वजनदार आहे, तेही हिशेबात घ्या. यात एक पेच आहे. वजनदार कोण, हे इतर वजनदारांवरून ठरायचे, मग सुरुवात कुठून करायची? गणितात त्याचे उत्तर होते. सगळ्यांना समान वजनाने सुरू करून तोच हिशेब पुन्हा पुन्हा करत गेले की आकडे हळूहळू स्थिरावतात.

वेब जन्माला आले तेव्हा हा विचार त्याच्यापर्यंत पोचलेला नव्हता. नव्वदच्या दशकातली सर्च इंजिने मुख्यतः पानावरचे शब्द पाहत. ज्या पानावर शोधशब्द जास्त वेळा, ते पान वर. मग विक्रेते पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवू लागले. सर्गे ब्रिन आणि लॅरी पेज यांनी आपल्या १९९८ च्या निबंधात नोंदवले आहे की नोव्हेंबर १९९७ मध्ये चार आघाडीच्या व्यावसायिक सर्च इंजिनांपैकी एकालाच स्वतःचे नाव शोधल्यावर पहिल्या दहांत स्वतःचे पान दाखवता येत होते. त्याच सुमारास जॉन क्लाइनबर्ग यांनी अडचणीची दुसरी बाजू दाखवली. होंडा किंवा टोयोटा यांच्या मुखपृष्ठावर ‘मोटार उत्पादक’ हे शब्द असतीलच असे नाही. त्या मोटारी बनवतात हे जगच त्यांच्याविषयी सांगत असते. स्पर्धक एकमेकांना दुवा (लिंक) देत नाहीत, पण दोघांनाही दुवा देणारी तिसरी पाने असतात, आणि खरी माहिती त्या तिसऱ्यांकडे असते.

स्टॅनफर्डमध्ये पेज आणि ब्रिन यांनी १९९६ पासून ‘बॅकरब’ नावाने जे सर्च इंजिन उभे केले आणि जे पुढे गूगल झाले, त्याच्या गाभ्याशी पेजरँक हा पानांचे वजन ठरवणारा हिशेब होता. लग्नाच्या स्थळाची चौकशी करताना आपल्याकडची वडीलधारी मंडळी जे करतात, तेच त्याचे सूत्र आहे. चौकशी कोणाकडे केली, त्या माणसाच्या शब्दाला किती किंमत आहे, आणि तो भेटेल त्या प्रत्येक मुलाला चांगलेच म्हणतो का, हे सारे पाहिले जाते. पेजरँकमध्ये पानाकडे जेवढे वजन असते ते त्याने दिलेल्या सगळ्या दुव्यांत वाटले जाते; शंभर जणांची शिफारस करणाऱ्याकडून प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते. शिवाय दुव्यांमागून जाणारा वाचक कधीतरी कंटाळून भलत्याच पानावर उडी मारणार, हेही त्यात धरले होते. दुव्यामागे जाण्याची शक्यता साधारण ०.८५, उडी मारण्याची ०.१५. सुमारे २ कोटी ४० लाख पानांवर हे चालवून पाहिले तेव्हा निकाल इतके उजवे निघाले की जुनी इंजिने पाहता पाहता मागे पडली.

हे चालले, कारण त्या काळी दुवा देणाऱ्याच्या मनात क्रमवारी नव्हती. भौतिकशास्त्राचा प्राध्यापक विद्यार्थ्यांसाठी चांगल्या पानांची यादी करी, पक्षिनिरीक्षक दुसऱ्या पक्षिनिरीक्षकाच्या नोंदींकडे बोट दाखवी. त्यांना ते पान खरोखर आवडलेले असे. कोणीतरी आपली साक्ष मोजत आहे हे त्यांना ठाऊकच नव्हते, आणि त्या साक्षीची सगळी किंमत या ठाऊक नसण्यात होती.

ही साक्ष विकत घेतली जाण्याचा धोका पेज आणि ब्रिन यांच्या नजरेतून सुटला नव्हता. महत्त्वाच्या साइटवर जाहिरात म्हणून दुवा विकत घेता येईल, हे त्यांनी पेजरँकच्या अहवालातच लिहून ठेवले आहे. पण त्याला पैसे पडतात, म्हणून ते आवाक्यात राहील असे त्यांना वाटले. हा त्यांचा सर्वांत मोठा गैरसमज होता असे मी मानतो. ज्या गोष्टीला पैसे पडतात आणि जिच्यातून त्याहून अधिक पैसे सुटतात, तिचा बाजार भरणारच. डिसेंबर २००० मध्ये गूगलने ब्राउझरसाठी टूलबार आणला. त्यावर प्रत्येक पानाचा पेजरँक ० ते १० अशा हिरव्या पट्टीने उघड दिसे. साक्षीदाराच्या कपाळावर त्याच्या शब्दाचा भावच लिहिला गेला. ओक्लाहोमातल्या सर्चकिंग या कंपनीने तर वजनदार साइटांवरच्या जागा विकण्याचे जाळे उभारले. गूगलने तिचा क्रमांक पाडला, ती न्यायालयात गेली, आणि २००३ मध्ये न्यायालयाने सांगितले की पेजरँक हे गूगलचे मत आहे व मताला राज्यघटनेचे संरक्षण आहे. लाखो लोकांच्या शिफारशींची बेरीज कायद्याच्या दृष्टीने एका कंपनीचे मत ठरली.

पुढचा इतिहास खरी साक्ष आणि विकत घेतलेली साक्ष वेगळी करण्याचा आहे. जानेवारी २००५ मध्ये ‘नोफॉलो’ ही खूण आली: हा दुवा आहे, पण माझी शिफारस म्हणून धरू नका. स्पॅमला कंटाळलेल्या इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २००७ पासून बाहेरच्या सर्व दुव्यांना ती लावली. अपरिमित कष्टाने जमवलेले, संपादकांनी तपासलेले संदर्भ त्या दिवसापासून निदान औपचारिकपणे मोजणीबाहेर गेले.

शेपर्डच्या पुस्तकांत असलेली एक गोष्ट मात्र या प्रवासात गळून पडली होती. उल्लेख स्तुतीचा की निषेधाचा, याची खूण दुव्याला नसते. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने ब्रुकलिनमधल्या एका चष्मेविक्रेत्याची हकिगत छापली. तो ग्राहकांना शिवीगाळ करी, धमकावी, आणि त्यांच्या ऑनलाइन तक्रारींमुळेच आपण शोधात वर येतो, असे खुशाल सांगे. त्याचे वर येणे खरोखर तक्रारींमुळेच होते का, यावर दुमत झाले. पण गूगलने काही दिवसांतच अशा विक्रेत्यांना खाली नेणारा बदल केल्याचे जाहीर केले. पुढे त्या माणसाला तुरुंगवास झाला. त्या हकिगतीपाठोपाठ फेब्रुवारी २०११ मध्ये त्याच वर्तमानपत्राने जेसी पेनी या बलाढ्य दुकानसाखळीचे प्रकरण उघड केले. विषयाशी काडीचाही संबंध नसलेल्या हजारो पानांवर तिच्याकडे नेणारे दुवे पेरलेले होते. गूगलने कारवाई केली आणि सॅमसोनाइटच्या प्रवासी बॅगांच्या एका शोधात ती एका संध्याकाळी पहिल्या क्रमांकावरून ७१ व्या क्रमांकावर गेली. आपल्याला याची कल्पना नव्हती असे सांगून कंपनीने आपल्या सल्लागार संस्थेला काढून टाकले.

एप्रिल २०१२ मध्ये गूगलच्या क्रमवारीत पेंग्विन नावाचा बदल आला. बनावट दुवे असलेल्या साइटांना तो शिक्षा करी. २०१६ पासून असे दुवे बहुतांशी नुसते दुर्लक्षिले जाऊ लागले. टूलबारमधला आकडाही २०१६ मध्येच गेला. मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या नियमावलीत दुव्यांना ‘महत्त्वाचा घटक’ म्हणणे सोडून फक्त ‘घटक’ म्हटले. तरी दुव्यांचा उपयोग संपलेला नाही. ते पूर्ण वगळून गूगलने अंतर्गत प्रयोग केला होता आणि निकाल बरेच खालावले होते, असे कंपनीचे मॅट कट्स यांनी २०१४ मध्ये सांगितले होते. आजही नव्या साइटला विषयातल्या दोनचार जाणकारांच्या पानांवरून मिळालेला दुवा, विकत घेतलेल्या हजार दुव्यांपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

मला खंत वाटते ती वेगळ्या नुकसानीची. मोजणीच्या भीतीने सरळ माणसांनीही दुवे देणे कमी केले. वजन बाहेर जाईल म्हणून कोणी हात आखडला, शिक्षा होईल म्हणून कोणी सरसकट नोफॉलो लावला. मराठीत तर ही सवय मुळात रुजलीच नाही. उतारेच्या उतारे उचलायचे आणि खाली ‘साभार : इंटरनेट’ लिहायचे, हा आपला रिवाज. त्यामुळे ज्याने वर्षभर खपून एखाद्या गडाच्या वाटा किंवा एखाद्या पिकावरची रोगराई नोंदवली, त्याचे पान शोधात दिसत नाही आणि नक्कल करणाऱ्याचे दिसते. सर्च इंजिनाने मराठीतले खरे जाणकार ओळखावेत अशी आपली अपेक्षा असेल, तर त्यांच्याकडे बोट आपणच दाखवायला हवे. वेबवर मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव लिहा, त्या नावावर त्याच्या मूळ पानाचा दुवा द्या, आणि त्याला नोफॉलो लावू नका.