न घेतलेल्या वस्तूंचा परिग्रह
पातंजल योगसूत्रांतील पाच यमांपैकी शेवटचा यम म्हणजे अपरिग्रह, अर्थात गरजेपलीकडील वस्तू न स्वीकारणे. ठाण्याच्या खोपट भागातील एखादे कुटुंब वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ मध्ये उघडलेला जिओ वर्ल्ड प्लाझा हा आलिशान मॉल केवळ पाहून, काहीही न घेता परतले, तर हा यम पाळला गेला असे म्हणता येईल काय? गीतेचा दुसरा अध्याय विषयांच्या, म्हणजे इंद्रियांना ओढणाऱ्या पदार्थांच्या, चिंतनातूनच आसक्ती आणि तिच्यातून कामना उपजते असे सांगतो. योगसूत्रांवरील व्यासभाष्य अधिक सूक्ष्म आहे, कारण मिळवणे, राखणे, नाश, आसक्ती आणि हिंसा यांतील दोष पाहून केलेल्या अस्वीकारालाच ते अपरिग्रह मानते. पाहणे येथे साधनाच ठरते. परंतु आलिशान दालनाची मांडणी नेमके हेच दोष, विशेषतः वस्तूमागचे कष्ट, पाहणाऱ्याच्या नजरेआड ठेवते.