खर्जाचा अधिकार

बेस गिटार हे चार जाड तारांचे वाद्य बँडमधले सर्वांत खालचे सूर सांभाळते. त्याची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर सेकंदाला सुमारे ४१ कंपने होतात. त्या ध्वनीची एक लाट हवेत सव्वाआठ मीटर, म्हणजे सत्तावीस फूट पसरते. साध्या खोलीत ती पुरती मावतही नाही. लिओ फेंडर यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियात ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्याआधी हे काम माणसाहून उंच डबल बेस करत असे. तो मोटारीत बसत नसे, ट्रम्पेट आणि ड्रमच्या गलक्यात बुडून जाई आणि पडदे नसल्यामुळे सूर नेमका लागायला वर्षे जात. नव्या वाद्याच्या मानेवर धातूचे पडदे होते. बोट जवळपास पडले तरी सूर जागेवर, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. या सोयीमुळे दिवसा नोकरी आणि रात्री बेस, अशा हौशी वादकांची मोठी जमात उभी राहिली.

या जमातीत माणूस येतो तो बहुधा नाइलाजाने. चार मित्र बँड काढायचे ठरवतात, दोघांना गिटार हवी असते, एक आधीच ड्रम बडवत असतो. उरलेल्याच्या गळ्यात बेस पडतो. पॉल मॅकार्टनी मुळात गिटार वाजवत. १९६१ साली स्टुअर्ट सटक्लिफ बीटल्समधून बाहेर पडला, दुसरे कोणी बेस घ्यायला राजी नव्हते, म्हणून बेस मॅकार्टनींकडे आला. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या १९६०च्या दशकातल्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत जेम्स जेमरसन यांचा बेस आहे. ती गाणी जगभर वाजत होती तेव्हा ऐकणाऱ्यांना त्यांचे नाव ठाऊक नव्हते. मार्विन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या १९७१च्या अल्बमवर ते छापले गेले. बेस वाजत असतो तोवर त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते आणि थांबला की काहीतरी गेले हे सगळ्यांना कळते. काय गेले ते मात्र चटकन सांगता येत नाही.

यातून एक जुनाच प्रश्न नव्या रूपात पुढे येतो. जे लक्षात येत नाही त्याचे मोल कशात असते, आणि लक्षात न येता दुसऱ्यावर परिणाम करण्याचा अधिकार कोणाला असतो? प्रश्नाचा पहिला भाग सौंदर्यशास्त्राचा वाटतो, दुसरा नीतीचा. बेसच्या बाबतीत हे दोन्ही भाग एकमेकांपासून सुटत नाहीत.

खालच्या सुराला तत्त्वज्ञानात मानाचे पान वाढले ते शोपेनहौअर यांनी. १८१८ अखेर प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मुख्य ग्रंथात संगीताला इतर सर्व कलांहून वेगळे आणि वरचे स्थान आहे. त्यांच्या मते विश्वाच्या मुळाशी एक आंधळी इच्छाशक्ती आहे आणि संगीत हे तिचेच थेट रूप आहे. या मांडणीत चाल म्हणजे माणूस, मधले सूर म्हणजे वनस्पती आणि प्राणी, तर बेस म्हणजे दगड, माती, ग्रहगोलाचे जड वस्तुमान. बेस संथ चालतो, मोठ्या पायऱ्यांनी वर-खाली होतो. जड पदार्थाने दुसरे काय करावे? पण याच मांडणीत एक कबुलीही आहे. सगळे जीवन जसे त्या जड वस्तुमानावर उगवते, तसे वरचे सगळे सूर बेसमधून निघतात. शोपेनहौअर स्वतः हौशी बासरीवादक होते आणि रोज न चुकता वाजवत. चालीचे वाद्य हातात असलेल्या माणसाला तळचा सूर दगडासारखा दिसावा, यात फारसे नवल नाही.

दगडाची उपमा मात्र टिकत नाही, आणि हे मराठी रसिकाला युरोपीय संगीतात न शिरताही पडताळता येते. भूप रागाचे स्वर सा, रे, ग, प, ध. यातला एकही स्वर न हलवता फक्त तानपुऱ्याचा षड्ज सरकवून तो भूपाच्या गंधारावर नेला, तर तेच पाच स्वर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी असे ऐकू येऊ लागतात. संध्याकाळचा प्रसन्न भूप गेला आणि मध्यरात्रीचा मालकंस आला. गाणाऱ्याने काही बदलले नाही, बदलला तो खालचा आधार. शास्त्रकार याला मूर्च्छना-भेद म्हणतात. बँडमध्येही हेच घडते. गिटारवर सा-ग-प वाजत असताना बेस षड्जावर असेल तर आनंदी कॉर्ड. तोच खाली धैवतावर उतरला की वरच्या तिन्ही सुरांवर उदासीची छाया पडते. वरच्या वादकांनी बोटेही हलवलेली नसतात. म्हणजे बेस वरच्यांचे ओझे वाहतोच, शिवाय त्यांच्या बोलण्याचा अर्थ काय हेही तोच ठरवतो. हे सगळे ऐकणाऱ्याच्या नकळत चालते, आणि बरेचदा मुख्य गायकाच्याही.

आता हौशी या विशेषणाकडे. मराठीतला ‘हौस’ हा शब्द अरबी-फारसीतल्या ‘हवस’वरून आला. मुळातली तीव्र वासना मराठीत येता येता निवली आणि लग्नातल्या उखाण्यापासून राज्य नाट्य स्पर्धेपर्यंत कशालाही चिकटू लागली. हौशी माणसाने वाजवावे की नुसते ऐकावे, हा प्रश्न ॲरिस्टॉटल यांनी ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या भागात घेतला आहे. तरुणांनी प्रत्यक्ष वाजवायला शिकावे, कारण जो कधी करत नाही त्याला नीट पारखता येत नाही. पण स्पर्धेत उतरण्याइतकी तयारी करू नये, असा त्यांचा निर्णय. धंदेवाईक वादकाला ते हीन मानतात. स्वतंत्र नागरिकाने वाजवलेच तर मद्य चढल्यावर किंवा गमतीने, असेही नोंदवतात. या सल्ल्यातला अर्धा भाग गुलामांच्या श्रमावर उभ्या असलेल्या फुरसतीचा आहे आणि तो टाकून द्यावा. उरलेला अर्धा खरा आहे. बेस सहा महिने जरी हातात धरला तरी माणसाचे ऐकणे कायमचे बदलते. गाण्याच्या तळाशी एक वेगळी हालचाल चालू असते, ती एकदा कानाला दिसली की नाहीशी होत नाही.

हौशी वादनाला गीतेतले निष्काम कर्म म्हणण्याची घाईही पुष्कळदा होते. ते जरा स्वस्तातले आहे. पैसे मिळत नाहीत म्हणून कामना सुटत नाही. टाळ्या हव्या असतात, ड्रमरने ‘आज मस्त लागला’ म्हणावे असे वाटते, शुक्रवारी रात्री जॅम रूमचे दोन तासांचे भाडे आपल्याच खिशातून गेलेले असते. कामना एवढीच आवळून येते की ती कृतीच्या बाहेर फार लांब जात नाही. शोभणारी उपमा हवी असेल तर ती कीर्तनातल्या टाळकऱ्याची. तो कीर्तनकाराच्या मागे उभा राहतो, धृपद उचलतो, लय धरतो, आणि श्रोत्यांना उद्या त्याचा चेहरा आठवणार नाही हे त्याला ठाऊक असते. त्याच मेळ्यातला पखवाजीही पाहावा. वाजवण्याआधी तो डाव्या अंगाला कणकेचा गोळा थापतो, कणीक सुकू लागली की पाण्याचा हात फिरवतो, खर्ज हवा तेवढा खोल उतरेपर्यंत बोटाने दाबत राहतो. आणि कीर्तन संपले की सगळी कणीक खरवडून काढतो. उद्या पुन्हा नवा गोळा.

एकत्र वाजवण्यात नेमके काय घडते याचा बारकाईने विचार आल्फ्रेड शुट्झ यांनी केला. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले हे तत्त्वज्ञ दिवसा बँकेचे काम करत आणि रात्री लिहीत. एकत्र संगीत करण्यावरचा त्यांचा निबंध १९५१ सालचा, म्हणजे प्रिसिजन बेसच्याच वर्षाचा. माणसे एकमेकांशी शब्दांनी बोलण्याआधी एकमेकांशी जुळलेली असावी लागतात, आणि संगीतात हे जुळणे उघडे दिसते, असे त्यांचे म्हणणे. वादक घड्याळाचा वेळ वाटून घेत नाहीत; एकमेकांच्या आतला वाहता वेळ सोबत जगतात. बेसवादकाला हे तत्त्वज्ञान न वाचताच कळते. त्याचा डोळा ड्रमरच्या उजव्या पायावर असतो, कारण किक ड्रमचा ठोका आणि बेसचा सूर एकाच क्षणी पडायला हवेत. सूर केसभर उशिरा आला तर गाणे रेलून बसते, केसभर आधी आला तर धापा टाकते. कोणता क्षण बरोबर हे दोघांपैकी एकटा ठरवू शकत नाही.

आता ऐकणाऱ्यांची बाजू. मोबाइलच्या स्पीकरला खालचे सूर जवळजवळ काढताच येत नाहीत, तरी गाण्यातला बेस कळतो. वरच्या उपस्वरांवरून मेंदू नसलेला मूळ स्वर भरून काढतो. नैयायिक धुरावरून अग्नीचे अनुमान करतात, तसेच हे. पण अनुमानातल्या अग्नीने हात शेकत नाहीत. मैफलीत उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत आणि पायांखालच्या जमिनीत जे भरते, ते अनुमान नव्हे. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणाऱ्या एका जोडीच्या जिवंत मैफलीत हे मोजले गेले. फक्त ८ ते ३७ हर्ट्झ काढणारे वेगळे स्पीकर दर अडीच मिनिटांनी चालू-बंद केले आणि नाचणाऱ्यांच्या डोक्याला बांधलेल्या पट्ट्यांवरून हालचाल टिपली. स्पीकर चालू असताना हालचाल ११.८ टक्क्यांनी जास्त होती. हा अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. हे स्पीकर कधी चालू आणि कधी बंद, हे वेगळ्या चाचणीत माणसांना ओळखता आले नाही. शरीराने दाद दिली आणि मनाला पत्ता नव्हता.

हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्त यांनी ‘तंत्रालोका’त याच अनुभवाला तात्त्विक रूप दिले. देह वेगवेगळे असल्यामुळे जाणीव आकसते. गीत-नृत्याच्या सभेत सगळे एकाच गोष्टीत तन्मय झाले की ती पुन्हा पसरते आणि एक होते, आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकट्याच्या आनंदाहून मोठा आनंद येतो. एमिल दुर्खाइम यांनी १९१२ साली समूहाच्या उन्मादातून धर्माचा उगम दाखवला, त्याच्याशी याचे नाते आहे. दुर्खाइम मात्र बाहेरून पाहतात, अभिनवगुप्त आतून बोलतात. त्यांची पुढची सूचना अधिक मोलाची आहे. सभेत एखादा जरी तन्मय न होणारा असेल तर जाणिवेला खडबडीत पृष्ठभागाला स्पर्श झाल्यासारखे होते. म्हणून अशाला चक्रात, म्हणजे एकत्र जमलेल्यांच्या वर्तुळात, घेऊ नये. पूर्ण मैफल मोबाइलच्या पडद्यातून पाहणाऱ्या प्रेक्षकाशेजारी जो उभा राहिला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

चक्राची सीमा मात्र माणसांना लागू पडते, आवाजाला नाही. बारीक, चढे सूर भिंतीत अडतात; खालचे भिंतीतून पार होतात. शेजारच्या इमारतीत गाणे ऐकू येत नाही, धडधड ऐकू येते. जो चक्रात नाही, ज्याने तन्मय व्हायचे ठरवलेले नाही, त्याच्या छातीतही तीच कंपने शिरतात. लक्षाची परवानगी न मागणे हा बेसचा गुण होता, तो इथे दोष ठरतो. नळावरच्या भांडणाकडे पाठ फिरवता येते. खर्जाकडे पाठ फिरवली तर तो पाठीतून येतो.

भारतातल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४० अशी मर्यादा घातली. हे मोजमाप ‘ए’ मापपट्टीवर होते. ही पट्टी मानवी कानाच्या संवेदनेशी जुळवलेली असून खालच्या सुरांना मोठी वजावट देते: ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल, ४० हर्ट्झला सुमारे ३५. म्हणजे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीने खिडक्यांच्या काचा थरथरवल्या तरी त्या थरथरीचा बराचसा भाग यंत्राच्या आकड्यात उतरत नाही. पट्टी चुकीची नाही. ती कानासाठी बनवली आहे आणि इथे तक्रार कानाची नसते. खालच्या सुरांसाठी ‘सी’ मापपट्टी उपलब्ध आहे. मैफल भरवणाऱ्यांनी आणि मंडळांनी निदान स्वतःपुरती ती वापरायला कोणाची हरकत नाही.

मुंबईत धोबी तलावाजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह कित्येक वर्षे रॉक रसिकांचे हक्काचे ठिकाण होते. इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव तिथे भरे, आणि हौशी बँडमधल्या पुष्कळ बेसवादकांनी मोठा अँप पहिल्यांदा तिथेच ऐकला असणार. शेजारी महाविद्यालय आणि रुग्णालय होते. परिसर शांतता क्षेत्रात मोडत असल्यामुळे तिथले ध्वनिवर्धकावरचे कार्यक्रम बंद झाले. रसिक अजून त्याबद्दल हळहळतात. तो निर्णय योग्य होता.