भुईचक्र आणि पन्नास पंडित

रंकाळ्याच्या काठानं सकाळी फिरताना अर्धवट जळालेलं एक भुईचक्र पायाशी आलं. चार गिरक्या घेऊन विझलेलं असावं. खिळ्यावर गरगरणाऱ्या अशाच चक्राला इंग्रजीत ‘कॅथरीन व्हील’ म्हणतात, आणि आज नेमकी २५ नोव्हेंबर, संत कॅथरीनचा दिवस.

कोल्हापुरात ही आठवण काढणारं फारसं कुणी सापडायचं नाही. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी इथं आले, त्यांच्या कामातून उभी राहिलेली मंडळी प्रॉटेस्टंट. संतांचे सण पाळायची त्यांची रीत नाही. पण घाट उतरून जुन्या गोव्यात गेलं, की सगळ्यात मोठं चर्च तिच्याच नावाचं. सहलीला आलेली आपली माणसं सेंट झेवियरचं दर्शन घेतात, समोरच्या याच से कॅथेड्रलमध्ये एक चक्कर मारतात, सोन्याची घंटा कुठं आहे म्हणून विचारतात आणि गाडीत बसतात. मुख्य वेदीवरच्या सोनेरी लाकडी फलकांत एका मुलीची गोष्ट कोरलेली आहे, तिच्याकडं मान वर करून बघायला सवड कुणाला?

गोष्ट चौथ्या शतकाच्या सुरुवातीची, इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाची. थोरामोठ्या घरातली, अठरा वर्षांची, लग्नाला नकार देणारी मुलगी. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या रोमन बादशहाला तिनं तोंडावर जाब विचारला. बादशहानं तिला गप्प करायला पन्नास पंडित बोलावले. वादात हरले ते पंडितच. मग तिच्यासाठी काटेरी चक्र आणलं, ते मोडलं; शेवटी तलवारीनं शिरच्छेद झाला. देवदूतांनी देह सिनाई पर्वतावर नेला, असं सांगतात. तिथला तिच्या नावाचा मठ आजही नांदता आहे.

हे सगळं घडलं का? इतिहासाचा भक्कम पुरावा नाही, म्हणून १९६९ साली कॅथॉलिक चर्चनंच तिचा दिवस आपल्या सार्वत्रिक पंचांगातून काढला आणि २००२ साली परत घेतला. मला त्याचं नवल वाटत नाही. कागदावर सिद्ध न होणारी माणसं लोकांच्या मनातून अशी सहजी उठत नाहीत.

मला खटकतं ते वेगळंच. १५१० साली याच तारखेला पोर्तुगीज सेनापती अल्बुकर्कनं आदिलशहाकडून गोवा जिंकला. आपला पन्हाळाही तेव्हा आदिलशाहीतच. जिंकलेल्या गोव्यात मुसलमानांची कत्तल झाली, आणि विजयाचा दिवस तिचा, म्हणून कॅथेड्रल तिच्या नावे. जिची सारी ताकद जिभेवर, जी तलवारीखाली गेली, तिलाच तलवारीच्या विजयाची खूण करून टाकलं! चित्रकारांनीही तिच्या शेजारी चक्र काढलं, जे चक्र तिला शिवलंसुद्धा नाही. तेच पुढं पोरांच्या हातातलं शोभेचं दारूकाम झालं.

या गोष्टीत माझा जीव अडकतो तो त्या पन्नास जणांत. बादशहाचं बोलावणं, मानधन नक्की, समोर एक पोरगी. ‘जिंकलो’ म्हणायला काय लागत होतं? पण कथा सांगते, की त्यांनी तिचं म्हणणं मान्य केलं, तिचाच धर्म धरला आणि त्यापायी ते जाळले गेले. आपल्याकडं चांगदेव असेच मुक्ताईपुढं नमले. चौदाशे वर्षांचा योगी एका लहान मुलीचा शिष्य झाला. चांगदेवांचं नाव तरी राहिलं. त्या पन्नासांतल्या एकाचंही माझ्या ओठांवर येत नाही.

येताना गंगावेशीत धारोष्ण दुधासाठी थांबलो. म्हशी दारात, पेल्यावर फेस. कट्ट्यावर दोन म्हातारे कुठल्यातरी जुन्या फुटबॉल सामन्यातल्या गोलवरून हमरीतुमरीवर आले होते. ऑफसाइड होता, नव्हता. माझा पेला रिकामा झाला, मी मुद्दाम आणखी एक सांगितला आणि ऐकत उभा राहिलो. दुसराही संपला. ‘तुझं बरोबर’ काही कुणाच्या तोंडून निघालं नाही.